जुनी मोटार आणि आपली भीड



जुनी मोटार घेण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र ‘आपलाच माणूस’ म्हणून कागदांवाचून व्यवहार करणे उभयतांस घातक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये राज्यांतर्गत विक्री विक्रेत्याने १४ व खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाची असते. नाव न बदलल्यास अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीपुस्तकातील मालकावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. मोटार गेली, जबाबदारी मात्र उरली! म्हणून नमुना २९ व ३० यांवरील सह्या त्याच बैठकीत व्हाव्यात. विमाही आपल्या नावे करून घ्यावा.

पुस्तकावर बँकेचा बोजा असल्यास नमुना ३५ व बँकेचा ना-हरकत दाखला पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. चॅसिसचा क्रमांक पुस्तकाशी ताडावा, इंजिन थंड असतानाच चालू करवून पाहावे आणि विश्वासू मिस्त्रीस सोबत न्यावे. कर्ज काढणाराने हप्त्याखेरीज टायर, बॅटरी व विमा यांचीही तरतूद ठेवावी. तेल वेळेवर बदलावे.

बंधुहो, कागद मागणे हा अविश्वास नव्हे. चोख व्यवहारानेच नाती टिकतात.