कमला सोहोनी आणि असामान्य यशाची घडण



असामान्य यशाचा विचार करताना उपजत बुद्धी आणि जिद्द या दोनच गोष्टींना सारे श्रेय देऊन मोकळे होण्याची सवय समाजाला जडली आहे. परंतु बेंगळुरूत, ज्या भारतीय विज्ञान संस्थेला जुने लोक आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, तेथे कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांच्या वाट्याला जे आले ते पाहिले की ही मांडणी तोकडी वाटू लागते.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन आलेल्या कमलाबाईंना संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा माघारी न फिरता त्यांनी नकाराचे कारण विचारले, सत्याग्रहाचा पवित्रा घेतला आणि अखेर वर्षभराच्या परिवीक्षेवर, म्हणजे काम समाधानकारक ठरले तरच प्रवेश कायम होईल, शिवाय पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये, अशा अटींवर प्रयोगशाळेत पाऊल ठेवले. त्या अटी अपमानकारकच होत्या, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

जिद्द होतीच. मात्र वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ असल्याने हे दार आपल्यासाठीही आहे, ही खात्री कमलाबाईंना घरातूनच मिळाली होती. आत गेल्यावर श्रीनिवासय्यांसारखे कडक शिस्तीचे पण मनापासून शिकवणारे गुरू लाभले, आणि दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम करता करता हात तयार झाला. म्हणूनच पुढे केंब्रिजमध्ये, बटाट्यावर संशोधन करताना, ‘सायटोक्रोम सी’ हे पेशीच्या श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांना दाखवून देता आले. १९३९ मध्ये विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या, आणि मायदेशी परतल्यावर नीरेसारख्या सामान्यांच्या आहारातील पदार्थांचे पोषणमूल्य तपासण्याकडे त्या वळल्या.

तितक्याच बुद्धीच्या, पण घरात असा वारसा नसलेल्या किती मुली त्या काळी पहिल्याच नकारानंतर परतल्या असतील, याची नोंद कुठेही नाही. पुढे मात्र कमलाबाईंचे काम पाहून रामन यांनी आपला निर्णय बदलला आणि संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंच्या यशाचा हा भाग केंब्रिजच्या पदवीहूनही मोठा मानावा लागेल.