शब्दांचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें, अशी मराठींत एक म्हण आहे. मनुष्याला आपलें लेखन असें पाठीवर घेऊन जातां येईल काय, कीं ज्या घरांत तें लिहिलें त्या घराच्या धन्याच्या मर्जीवर तें कायमचें अवलंबून राहील? दक्षिण कोरियांतील ‘टिस्टोरी’ या ब्लॉग-सेवेच्या इतिहासांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहावयास सांपडतात.

इंटरनेटवर लिहिलेली, तारीखवार लावलेली आणि सर्वांस वाचावयास खुली असलेली वही म्हणजे ब्लॉग. ही वही ठेवावयास कोणाच्या तरी संगणकावर जागा लागते. या शतकाच्या आरंभीं कोरियन लेखकापुढें दोन मार्ग होते. पहिला भाडेकऱ्याचा. नेव्हरसारख्या मोठ्या कंपनीनें २००३ सालापासून जागा फुकट दिली; परंतु खोली कशी लावावी याचे नियम कंपनीचे. दुसरा मार्ग स्वतःच्या घराचा. २००४ सालीं ‘टॅटरटूल्स’ नांवाचें सॉफ्टवेअर निघालें. तें आपण भाड्यानें घेतलेल्या संगणक-जागेंत बसवावें आणि आपला ब्लॉग आपण चालवावा, अशी ती योजना. यांत स्वातंत्र्य पुष्कळ. पण खर्च आणि दुरुस्तीची कटकटहि लेखकाच्याच माथीं.

२००६ सालीं टॅटरटूल्स चालविणारी कंपनी व ‘दाउम’ ही मोठी कंपनी यांनीं मिळून मधला मार्ग काढला, तोच टिस्टोरी. ‘टॅटरटूल्स’ आणि इतिहास या अर्थाचा ‘हिस्टरी’ हा इंग्रजी शब्द यांच्या जोडीनें तें नांव बनलें. जागा कंपनीची व फुकट. मात्र घराची रचना लेखकाची. पानाचें सारें रूप त्यास आपल्या हातानें बदलतां येई, स्वतःच्या नांवाचा पत्ता जोडतां येई, एकाहून अधिक ब्लॉग ठेवतां येत, आणि जाहिराती लावून त्यांचें उत्पन्नहि घेतां येई. सगळ्यांत मोलाची सोय म्हणजे अवघा ब्लॉग एका फाईलींत बांधून दुसरीकडे उतरवितां येत असे. विंचवाचें बिऱ्हाड तें हेंच! आरंभीं आंत येण्यास जुन्या सभासदाचें निमंत्रण लागे, म्हणून त्या निमंत्रणासहि मोठी किंमत आली.

पुढें धनी बदलत गेले. २००७ सालीं सारा कारभार दाउमकडे आला. २०१४ सालीं दाउम व ‘काकाओ’ या कंपन्या एक झाल्या. बांधलेली फाईल पुन्हां उतरवून घेण्याची सोय कालांतरानें काढून घेण्यांत आली. २०२३ सालीं तर कंपनीनें लेखकांच्या पानांवर आपल्या स्वतःच्या जाहिरातीहि लावण्यास आरंभ केला. भाडेकऱ्याच्या भिंतीवर घरमालकानें आपली पाटी ठोकावी, तसाच हा प्रकार.

परंतु याच घरानें निराश्रितांस आसराहि दिला, हें विसरतां कामा नये. २०१२ सालीं ‘पारान’ ही सेवा बंद पडली, तेव्हां तेथील ब्लॉग टिस्टोरींत आणण्याची सोय झाली. दाउमचा स्वतःचा जुना ब्लॉग-विभाग ३० सप्टेंबर २०२२ रोजीं बंद झाला. त्यांतील लेखकांनाहि टिस्टोरीची वाट मोकळी करून देण्यांत आली. लेख आले, पण त्यांखालीं वाचकांनीं वर्षानुवर्षें लिहिलेले अभिप्राय मागेंच राहिले. सामान नव्या घरीं पोंचलें. शेजार मात्र जुन्या वाड्याबरोबर गेला. एखाद्या वृद्धाच्या प्रवासवर्णनाखालीं दिवंगत मित्रानें लिहिलेल्या दोन ओळी असल्या, तर त्या कोठून परत याव्या?

त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनीं, १५ ऑक्टोबर २०२२ रोजीं, सोल शहराजवळील पांग्यो येथें ज्या इमारतींत काकाओचे हजारों संगणक होते, तेथें विजेच्या बॅटऱ्यांस आग लागली. काकाओच्या इतर सेवांबरोबर टिस्टोरीहि बंद पडली. सर्व सेवा पूर्ववत् होण्यास पांच दिवसांहून अधिक काळ लागला. नुकतेच बिऱ्हाड बदलून आलेले लेखक नव्या घराच्या बंद दारापुढें उभे राहिले. कंपनीच्या दोन प्रमुखांपैकीं एकानें या प्रकरणीं राजीनामा दिला.

या इतिहासांत कोणी एक खलपुरुष नाहीं. फुकट जागा मिळाली म्हणूनच असंख्य सामान्य माणसें लिहूं लागलीं, आणि तो लाभ लहान नव्हे. तथापि परक्याच्या घरांत ठेवलेल्या वस्तूवर आपला हक्क कितीहि असला, तरी किल्ली त्याच्याच कमरेला असते. म्हणून जो लिहितो, त्यानें आपल्या लेखनाची एक प्रत, आणि वाचकांच्या पत्रांचीहि, आपल्या स्वतःच्या पेटींत ठेवावी. घरमालक चांगला असला तरीहि ठेवावी. कारण घरमालक बदलतो, आणि आग तर त्यालाहि विचारून लागत नाहीं.