कलम २२ कोठडीच्या दारात वाचायचे असते



शाल-श्रीफळ नको असे मी आयोजकांना आधीच कळवले होते. मी आज भांडायला आलो आहे आणि माझे भांडण या व्यासपीठाशीच आहे.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळची काचेतली संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. ११ तारखेला बंद पुकारला, दगडफेक झाली, जाळपोळ झाली आणि मग पोलीस वस्त्यांत शिरले. पन्नासच्या आसपास लोक उचलले. त्यांत सोमनाथ व्यंकट सूर्यवंशी होता. वय ३५, वडाराचे लेकरू, कायद्याचे शिक्षण घेत होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा जीव गेला. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे कारण संभाजीनगरच्या शवविच्छेदन अहवालात आले. विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात मात्र मारहाण झालीच नाही असे सांगण्यात आले. सोमनाथला निरोप देऊन आलेले आपले पँथर विजय वाकोडे १६ तारखेला हृदयविकाराने गेले. दोन दिवसांत दोन तिरड्या उचलल्या आपण.

पोलिसांनी काय केले ते न्यायालय बघेल आणि ते बघायला लावल्याशिवाय आपण राहणार नाही. मला विचारायचे आहे ते ११ आणि १५ यांच्या मधल्या दिवसांबद्दल. त्या दिवसांत आपण पुढारी कुठे होतो? काहीजण धावले, काही वकिलांनी फी न घेता वकीलपत्रे भरली, त्यांना मी हात जोडतो. बाकीचे आपण? मी माझेच सांगतो. ११ च्या रात्री मी निवेदनाच्या मजकुरावर वाद घालत बसलो होतो. ‘जाहीर निषेध’ लिहायचे की ‘तीव्र निषेध’. खाली सह्या कुणाच्या, कुणाचे नाव आधी, यावर तासभर गेला. त्याच वेळी ठाण्याबाहेर माणसे लेकाचे नाव घेऊन उभी होती आणि आत कोण आहे याची साधी यादी आमच्याकडे नव्हती.

जी प्रतिकृती फुटली म्हणून शहर पेटले, त्या संविधानात कलम २२ आहे. अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करा. १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यात भर घातली: अटकेचा पंचनामा करा, नातेवाइकाला कळवा, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करा. हे कागद ठाण्याच्या दारात जाऊन मागायचे असतात. अंगावरचे वळ रिमांडच्या वेळी न्यायाधीशांना दाखवायचे असतात आणि ते दाखवायला आपला वकील तिथे उभा लागतो. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मिळाली की एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, एवढी बातमी घेऊन परत येणाऱ्याला मी कार्यकर्ता म्हणणार नाही.

मला सांगतात, आधी शहर शांत करायचे होते, शांतता समितीच्या बैठकीला जाणे भाग होते. जा ना! पण तिथे चहा घेण्याआधी अटकेतल्यांची नावे टेबलावर ठेवा. आत पोरे मार खात असतील तर बाहेरच्या शांततेवर आपली सही कशाला?

आणि पोरांनो, तुमच्याशीही बोलतो. पानटपरी फोडून, कुणाची मोटारसायकल जाळून संविधान वाचत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी रस्त्यावरच्या अराजकाची वाट सोडा असे बजावले होते. ११ तारखेला ज्याने दगड मारला, त्याचे निमित्त झाले आणि झोपलेल्या घरांची दारे लाथाडली गेली. ज्याने भडकवले तो मात्र संध्याकाळी घरी होता.

१० लाखांची मदत सोमनाथच्या आईने, विजयाबाईंनी, नाकारली. परभणीहून मुंबईला निघालेला लाँग मार्च नाशिकला थांबला, पण विजयाबाई थांबल्या नाहीत. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात प्रकाश आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथून हात हलवत परतले. त्या माउलीने जी चिकाटी दाखवली, ती या व्यासपीठावरच्या एकाही खुर्चीने दाखवली नाही.

पुढचे काम लांब पल्ल्याचे आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबारात दहा माणसे गेली. गोळीबाराचा हुकूम देणारा अधिकारी सत्र न्यायालयात दोषी ठरायला २००९ उजाडले. बारा वर्षे. इतका काळ साक्षीदार सांभाळायचे, तारखेला त्यांचे भाडे द्यायचे, त्यांना कुणी धमकावले तर रात्री दार उघडायचे, हे पुढारीपण. बॅनरवरचे फोटो कुणाला हवेत त्यांनी ते घरी लावावेत.

दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. वकिलांनी पहिल्या पानावर नाव आणि नंबर लिहावा, रात्री दोनला उचलला जाईल असा. ज्यांच्याकडे सातबारा किंवा पगाराची पावती आहे आणि जामीनदार राहायची तयारी आहे, त्यांनी दुसऱ्या पानावर. प्रत्येक वस्तीतून दोन बाया, दोन पुरुष, ठाण्याच्या दारात जाऊन बसणारे, तिसऱ्या पानावर. जेवणे नंतर होतील. आधी वही भरा.