हाली सिक्का, कलदार आणि क्रिप्टो

(परभणी येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे लग्नात, ईदला, अगदी दफनविधीहून परतताना सुद्धा मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: "भाई, कोणतं कॉइन घ्यावं?" हे ऐकायला आज कुणी आलं असेल तर आधीच माफी मागतो. मला विषय मिळाला आहे, "सरकार क्रिप्टोवर बंदी घालणार का?" हा प्रश्न मी थोडा बदलून घेतो. सरकारला ठरवता येत नाही तोपर्यंत नुकसान कुणाचं होतं, असा तो प्रश्न आहे.

माझ्या खालाचा मुलगा इथंच परभणीत राहतो. व्हिडिओ एडिटिंग करतो, हात चांगला आहे. बाहेरच्या देशातल्या एका माणसाचं काम त्याला ऑनलाइन मिळालं. तो माणूस म्हणाला, बँकेतून पैसे पाठवायला वेळ लागतो, कमिशनही जातं, मी यूएसडीटी पाठवतो. यूएसडीटी म्हणजे एका डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो नाणं. ते दहा मिनिटांत आलं. आता त्याचे रुपये करायचे होते. त्यानं एका ॲपवर पी-टू-पी पद्धतीनं ते विकलं, म्हणजे समोरच्या अनोळखी माणसानं याच्या खात्यात यूपीआयनं रुपये टाकले आणि यानं त्याला नाणी दिली. व्यवहार संपला, दोघं खूश.

तीन आठवड्यांनी त्याचं खातं गोठलं. बँकेत गेल्यावर कळलं की दुसऱ्या एका राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलंय. नाणी विकत घेणाऱ्यानं जे रुपये पाठवले होते ते कुणा तिसऱ्याला फसवून उकळलेले होते. त्या फसलेल्या माणसानं १९३० वर तक्रार केली. पोलीस पैशाच्या मागावर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात जात आमच्या भावापर्यंत पोचले. त्यांच्या दृष्टीनं यात चूक काहीच नाही. फसलेल्या माणसाचे पैसे वाचवायचे तर खातं थांबवावंच लागतं. पण आमच्या भावानं घाम गाळून काम केलं होतं. त्याच्या खात्यातली घरखर्चाची सगळी रक्कम अडकली. नातेवाईक कुजबुजू लागले, "ह्यानं काहीतरी केलं असणार." वकील झाला, अर्ज झाले, आणि खातं सुटायला पाच महिने लागले.

आता सांगा, त्यानं गुन्हा केला का? क्रिप्टो घेणं भारतात गुन्हा नाही. मग तो कायद्याच्या संरक्षणात होता का? तेही नाही. या मधल्या जागेबद्दल मला बोलायचं आहे.

आपल्या आजोबांनी चलनाचा असाच गोंधळ पाहिला आहे, आणि तो याच जिल्ह्यात. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, त्याला लोक हाली सिक्का म्हणत. इंग्रजी हद्दीतला रुपया तो कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार असा सरकारी भाव. दोन्ही नाणी लोकांच्या व्यवहारात होती. १९४७ च्या अखेरीस भारताशी जैसे थे करार झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारनं वटहुकूम काढला, की भारतीय चलन संस्थानात वैध नाही. भारत सरकारनं त्यावर जोरदार हरकत घेतली. भांडण दोन सत्तांचं होतं. पण ज्याच्या गाठोड्यात कलदार होते त्या शेतकऱ्याचं आणि व्यापाऱ्याचं काय, हे त्या वटहुकमानं विचारलं नव्हतं.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. हाली सिक्क्याची छपाई १९५१ मध्ये थांबली, पण तो पूर्णपणे रद्द झाला १९५९ मध्ये. एवढी वर्षं मुदत आणि बदलून घेण्याचा ठरलेला भाव. एक चलन बंद करताना सामान्य माणसाला सावरायला वेळ देता येतो, हे आपल्याच मराठवाड्यात घडलेलं आहे.

ही गोष्ट सांगण्याची दोन कारणं आहेत. पहिलं असं, की कोणतंही सरकार आपल्या हद्दीत दुसरं चलन सहजासहजी चालू देत नाही. निजामानं दिलं नाही, दिल्लीही देणार नाही. पैसा किती छापायचा, व्याजदर किती ठेवायचा, देशाबाहेर किती जाऊ द्यायचा, ही राज्याची ताकद आहे. रिझर्व्ह बँकेची भीती खोटी नाही. दुसरं कारण असं, की बंदी घालायची असेल किंवा परवानगी द्यायची असेल, ती स्पष्ट हवी आणि माणसाला वेळ देणारी हवी.

क्रिप्टोच्या बाबतीत काय झालं ते क्रमानं पाहू.

डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पहिला इशारा दिला: यात धोका आहे, सांभाळा. २०१७ मध्ये तो पुन्हा दिला. ६ एप्रिल २०१८ ला परिपत्रक निघालं, की बँकांनी क्रिप्टोच्या व्यवहाराला कोणतीही सेवा देऊ नये. थेट बंदी नव्हती, पण बँकेचा नळ बंद केला की घरात पाणी येणार कुठून? उद्योगाची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ४ मार्च २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं. न्यायालयानं काय म्हटलं ते नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सॲपवर अर्धंच फिरतं. रिझर्व्ह बँकेला यात हस्तक्षेपाचा अधिकारच नाही, असं न्यायालयानं म्हटलं नाही. अधिकार आहे, असंच म्हटलं. पण बँकांचं प्रत्यक्ष काय नुकसान झालं हे दाखवता आलं नाही, म्हणून एवढा कठोर उपाय प्रमाणाबाहेरचा ठरला. धंदा-व्यवसाय करण्याचा संविधानातला हक्क, कलम १९, इथं कामी आला.

दरम्यान केंद्र सरकारच्या समितीनं २०१९ मध्ये संपूर्ण बंदीचा मसुदा दिला होता. त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सुचवली होती. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत क्रिप्टोचं विधेयक आलं, पण मांडलं गेलंच नाही. आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात सरकारनं कर लावला. नफ्यावर ३० टक्के, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरच्या व्यवहारावर १ टक्का कपात. अर्थमंत्र्यांनी त्याच महिन्यात संसदेत स्पष्ट केलं, की कर लावला म्हणजे मान्यता दिली असं समजू नका.

या कराचं गणित साधं आहे. समजा तुम्ही दोन नाणी घेतली. एकात ५०,००० नफा, दुसऱ्यात ५०,००० तोटा. तुमच्या खिशात आलं शून्य. शेअर बाजारात असता तर तोटा वजा झाला असता. इथं वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. शून्य कमाईवर १५,००० रुपये कर, वर उपकर वेगळा.

आता पेमेंटचं पाहा. एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस या अमेरिकन कंपनीनं भारतात यूपीआयनं क्रिप्टो खरेदीची सोय जाहीर केली. त्याच दिवशी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं निवेदन काढलं, की यूपीआय वापरणारं कोणतंही क्रिप्टो एक्स्चेंज आम्हाला माहीत नाही. काही दिवसांत सोय बंद. कुठला कायदा झाला नाही, आदेश निघाला नाही. उलट मे २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच बँकांना कळवलं होतं, की रद्द झालेल्या परिपत्रकाचा हवाला ग्राहकांना देऊ नका. कागदावर बंदी नाही, प्रत्यक्षात दार लावलेलं. पुढच्या दारानं येऊ दिलं नाही की लोक मागच्या गल्लीनं जातात. त्या गल्लीचं नाव पी-टू-पी. आमचा भाऊ तिथंच सापडला.

मार्च २०२३ मध्ये क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले, त्यांना ग्राहकांची ओळख ठेवणं आणि केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करणं बंधनकारक झालं. हे चांगलं पाऊल. पण यातून सरकारला तुमची माहिती मिळाली. तुम्हाला काय मिळालं? बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेवीला विमा आहे. क्रिप्टोला काही नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर सायबर हल्ला झाला, सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली. ग्राहक इथले, आणि त्यांना किती परत मिळणार याची प्रक्रिया चालली सिंगापूरच्या न्यायालयात. तिथं काय चाललंय ते आपल्याकडचा किरकोळ गुंतवणूकदार मोबाइलवर बातम्या वाचून समजून घेत होता. कर गोळा करताना सरकार हजर, नुकसान होताना गैरहजर. माझी तक्रार एवढीच आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. गेनबिटकॉइनचं नाव ऐकलं असेल. दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असं आमिष होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाजला अटक केली. खटल्याचा निकाल लागण्याआधी २०२२ मध्ये तो वारला. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर साठहून जास्त ठिकाणी छापे पडले. त्या यादीत दिल्ली, पुणे, बंगळूर यांच्यासोबत आपलं नांदेडही होतं. इथून रेल्वेनं तासा-दीड तासावर. ही मोठ्या शहरांची गोष्ट आहे, अशा भ्रमात राहू नका.

आणि दुसरी गोष्ट, खास आपल्या समाजाची. बंगळूरच्या आयएमए कंपनीत क्रिप्टो नव्हतं. तिथं शब्द होता "हलाल". व्याज नाही, नफ्यात भागीदारी. हजारो मुस्लिम कुटुंबांनी, त्यात कितीतरी बायकांनी, आयुष्यभराची बचत तिथं ठेवली. जून २०१९ मध्ये मालक देशाबाहेर पळाला, जुलैत परतल्यावर अटक झाली. व्याज नको ही ज्यांची प्रामाणिक भावना आहे, त्यांच्याच भावनेचा गळ करून मासा पकडला गेला. आज तोच गळ "हलाल कॉइन" म्हणून फिरतोय. मला स्वतःला असे मेसेज आलेत.

धर्मपंडितांची मतं सारखी नाहीत. इजिप्तच्या मुफ्तींनी २०१८ मध्ये बिटकॉइनला मनाई केली. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनं २०२१ मध्ये चलन म्हणून क्रिप्टोचा वापर हराम ठरवला. काही विद्वान अटींसह परवानगी देतात. हे ज्यानं त्यानं वाचावं आणि आपल्या विवेकानं ठरवावं. पण कोणताही फतवा तुमचं गोठलेलं खातं सोडवत नाही, आणि कुणी "जायज" म्हटलं म्हणून कंपनीचा हिशेब खरा होत नाही. ताळेबंद मागा. नोंदणी मागा. "हमारे भाई हैं" हा ताळेबंद नव्हे.

मी क्रिप्टोचा वकील नाही. एल साल्वादोरनं २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केलं आणि २०२५ मध्ये ते स्वीकारण्याची सक्ती मागे घ्यावी लागली. चीननं २०२१ मध्ये सगळे व्यवहार बेकायदा ठरवले. युरोपीय संघानं नियमांचा एक कायदा केला, तो डिसेंबर २०२४ पासून पूर्ण लागू आहे. तीन वेगळे रस्ते आहेत, पण त्यांच्या नागरिकाला आपण कुठं उभे आहोत ते तरी कळतं. आपल्याला कळत नाही.

म्हणून नागरिक म्हणून आपली मागणी काय असावी? एक, संसदेत कायदा करा. बंदी असो की परवानगी, लिहून द्या आणि मुदत द्या. दोन, कर घेता तर ग्राहकाच्या तक्रारीसाठी देशातच यंत्रणा द्या. तीन, खातं गोठवताना वादातली रक्कमच थांबवा, सगळं खातं नको, आणि खातेदाराला कारण व ठरलेल्या मुदतीत दाद मागायची सोय द्या. खासदाराला पत्र लिहायला कॉम्प्युटर इंजिनिअर असावं लागत नाही.

आणि आपण काय करायचं? परदेशातलं काम करा, जरूर करा, पण पैसे बँकेतूनच घ्या. कमिशन गेलं तरी चालेल, परकीय रक्कम आल्याचा दाखला हातात राहतो. अनोळखी माणसाकडून खात्यावर रुपये घेऊन नाणी विकू नका. महिन्याला चार-पाच हजारांसाठी आपलं खातं, एटीएम कार्ड किंवा सिम कुणाला वापरायला देऊ नका. पोलीस आधी त्याच खातेदाराच्या घरी येतात, आणि आपल्या पोराच्या घरी पोलीस आले की मोहल्ला वर्षभर विसरत नाही. फसवणूक झाली तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितका पैसा लांब जातो.

आमच्या भावाचं खातं सुटलं. तो अजून एडिटिंग करतो, त्याच परदेशी माणसाचं काम करतो, फक्त पैसे आता बँकेत येतात. मी त्याला म्हणालो, चला, धडा मिळाला. तो म्हणाला, "भाई, धडा मला मिळाला. कायदा करणाऱ्यांना कधी मिळणार?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, म्हणून तो प्रश्न तुमच्यापुढं आणला.