फाशी यार्डातील मुलाखत



अध्यक्षाने वर्षभराच्या निकालांचा आढावा घ्यायचा, सरकारकडे मानधनवाढीची मागणी करायची आणि खाली बसायचे, अशी विधी सेवा वकिलांच्या आपल्या परिषदेची रीत आहे. मानधनाची मागणी रास्त आहे आणि ती ठरावात येईलच. पण यंदा आपण नागपुरात जमलो आहोत. या मांडवापासून थोड्याच अंतरावर मध्यवर्ती कारागृह आहे. राज्यात फाशी देण्याची सोय दोनच ठिकाणी आहे, एक येरवड्याला आणि दुसरी इथे. त्या भिंतीआड शिक्षेची वाट पाहणाऱ्यांना घरचे माणूस भेटते का, किती वेळा भेटते आणि न भेटल्याने काय घडते, एवढ्याच विषयावर मी बोलणार आहे.

मृत्युदंड असावा की नसावा, यावर आज मी तुमचे मत मागत नाही. या सभागृहात त्यावर दोन तट आहेत आणि चहाच्या वेळी ते किती तापतात, हे मी दरवर्षी पाहते. दोन्ही तटांना आज मला एकच गोष्ट विचारायची आहे. न्यायालयाने फाशी सुनावली, तेव्हा निकालपत्रात आणखी काही लिहिले होते का? दहा वर्षे माणसाशी बोलू नये, आईने महिनोन्‌महिने येऊ नये, असे कोणत्या न्यायाधीशाने लिहिले आहे?

एकांतकोठडी ही आपल्या कायद्यात वेगळी शिक्षा आहे. ती न्यायालयानेच द्यावी लागते आणि तिला माप आहे. एका वेळी 14 दिवसांपेक्षा जास्त नाही, सगळी मिळून 3 महिन्यांपेक्षा जास्त नाही. जुन्या दंडसंहितेत हे होते, नव्या न्याय संहितेतही आहे. 1894 च्या कारागृह कायद्यातील तिसाव्या कलमाचा आधार घेऊन तुरुंगप्रशासन फाशीच्या बंद्याला निकालाच्या दिवसापासूनच वेगळे ठेवत असे. 30 ऑगस्ट 1978 रोजी सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. अपिले संपली, दयेचा अर्ज फेटाळला गेला, शिक्षा आता थांबवता येणारच नाही, अशी वेळ आल्यावरच माणूस त्या कलमाच्या अर्थाने ‘फाशीचा कैदी’ ठरतो. तोवर तो इतर बंद्यांसारखाच एक बंदी आहे. त्यानंतरही त्याला वेगळे ठेवणे म्हणजे एकांतवास देणे नव्हे, असे न्यायालयाने बजावले.

या बत्रांबद्दल एक गोष्ट आपल्या तरुण वकिलांना माहीत नसते. ते स्वतः तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेले बंदी होते. तिथल्या दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डरने अमानुष छळले, तेव्हा त्याच्यासाठी त्यांनी न्यायमूर्तींना पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून डिसेंबर 1979 मध्ये दुसरा निकाल झाला. नातलगांची आणि मित्रांची भेट हा कोंडलेल्या माणसाचा मोठा आधार आहे, हे त्या निकालाने मान्य केले. 1981 मध्ये फ्रान्सिस कोरॅली मुलिन यांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी भेटीचा हक्क थेट एकविसाव्या अनुच्छेदात बसवला. त्या स्थानबद्ध होत्या आणि त्यांना आपल्या पाच वर्षांच्या मुलीला महिन्यातून एकदाच भेटता येत होते. ती अट न्यायालयाने रद्द केली.

म्हणजे कायदा पंचेचाळीस वर्षांपूर्वीच स्पष्ट झाला आहे. प्रत्यक्षात काय झाले? आपल्या सीमेलगत बेळगावला हिंडलगा कारागृह आहे. तिथे बंगळूरच्या एका खटल्यातील बंद्याला 2006 पासून दहा वर्षे एकट्याला ठेवले होते. त्याचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळला 2013 मध्ये. म्हणजे पहिली सात वर्षे तर बत्रा निकालाच्या सरळसरळ विरुद्ध गेली. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या मंडेला नियमांत सलग 15 दिवसांपलीकडचा एकांतवास निषिद्ध आहे. पंधरा दिवस कुठे आणि दहा वर्षे कुठे!

आता मुलाखतीकडे येते. तुम्ही सगळे मुलाखत कक्षाबाहेर उभे राहिला आहात, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. आधार कार्डाची झेरॉक्स, नाव नोंदवायची रांग, मग जाळी किंवा काच, आणि पलीकडे दहा जण एकाच वेळी ओरडत असताना मिळालेली पंधरा-वीस मिनिटे. त्या आधीचा प्रवास मात्र आपण विसरतो. नंदुरबारच्या पाड्यावरच्या किंवा कोकणातल्या वाडीवरच्या माणसाने नागपूरला यायचे म्हणजे दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवायची, गाडीभाडे उसने घ्यायचे आणि रात्र स्टेशनवर काढायची. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी देशातील 385 पैकी 373 फाशीच्या बंद्यांची माहिती घेतली होती. त्यांपैकी 74 टक्क्यांहून अधिक आर्थिकदृष्ट्या दुबळ्या घरांतले निघाले. या घरांना शेजारीपाजारी आधीच टाळू लागलेले असतात. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध आपण 2016 मध्ये कायदा केला खरा, पण ‘फाशीवाल्याच्या घरी’ मुलगी न देणाऱ्यांना कुठला कायदा धरणार?

आत असलेल्याचे हाल निराळे. फाशीच्या बंद्याला बहुतेक तुरुंगांत काम देत नाहीत. काम नाही म्हणून मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून कॅन्टीनसाठी घरच्या मनीऑर्डरकडे डोळे लावायचे. काही वर्षांनी तो स्वतःच घरी सांगतो की येऊ नका, खर्च करू नका. त्याच विद्यापीठाच्या गटाने 2021 मध्ये 88 फाशीच्या बंद्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 62 टक्क्यांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. त्या आकड्यावर मी भाष्य करत नाही. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे आणि तो वकिलांसाठी आहे.

आपण मुलाखतीकडे दया म्हणून पाहतो. तुरुंगाधिकारी चांगला असेल तर देतो, कडक असेल तर कापतो. मी म्हणते, फाशीच्या खटल्यात घरच्यांची भेट हा पुरावा जिवंत ठेवण्याचा मार्ग आहे. दोन खटले सांगते, दोन्ही आपल्या राज्यातले.

2003 मध्ये नाशिक परिसरात एका वस्तीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाले. गुन्हा इतका भयंकर होता की आजही त्याचे कागद वाचवत नाहीत. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची कमी केली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची कायम केली. त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर निष्पन्न झाले. आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. जखमी साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधून आधी भलत्याच चौघांचे फोटो ओळखले होते आणि ती गोष्ट दडपली गेली होती. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. त्या निकालपत्रातला एक परिच्छेद आपल्यापैकी प्रत्येकाने वाचावा. त्या अल्पवयीन मुलाला एकांतात ठेवले होते. फक्त आईला भेटू देत, तेही क्वचित. घरच्या इतर कोणालाच नाही. मानसतज्ज्ञाने त्याला तपासून उपचारांची गरज असल्याचे सांगितले होते. भटक्यांच्या पालावर जन्मदाखला नसतो. पोरगा दुष्काळाच्या साली झाला की कुठल्या जत्रेत झाला, हे आईला आणि नात्यातल्या म्हाताऱ्यांनाच सांगता येते. त्यांतल्या एका आईलाच, तेही कधीमधी, आत सोडायचे आणि मग वयाचा पुरावा कुठे आहे म्हणून विचारायचे, याला काय म्हणावे?

दुसरा खटला पुण्याचा. 1994 च्या हत्याकांडात राजस्थानातून आलेला एक मुलगा फाशीला पात्र ठरला. 2023 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय 12 वर्षे 6 महिने होते. ते सिद्ध झाले गावच्या शाळेच्या नोंदीवरून. कागद तिथे पहिल्यापासून होता. तुरुंग आणि गाव यांच्यामध्ये ये-जा करणारे कुणी नव्हते. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत काढून तो याच नागपूरच्या तुरुंगातून बाहेर पडला.

2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालाने बंद्याची कौटुंबिक पार्श्वभूमी, शिक्षण, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक हे सगळे शिक्षा ठरवताना समोर यायलाच हवे असे सांगितले. हे सगळे कोण सांगणार? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने दयेच्या अर्जाला 30 दिवसांची मुदत घातली. अर्ज बंद्याला करता येतो, त्याच्या वारसाला किंवा नातेवाइकालाही करता येतो. ज्या नातेवाइकाला तुरुंगाच्या फाटकातून दोनदा परत पाठवले, त्याने तीस दिवसांत राष्ट्रपतींकडे अर्ज करावा अशी कायद्याची अपेक्षा आहे!

कुणी म्हणेल, निर्दोष सुटलेल्यांची उदाहरणे सोपी आहेत. खरोखरच्या गुन्हेगारांचे काय? आणि त्यांनी ज्यांना मारले, त्यांना कुठे आईची भेट मिळाली? टीव्हीवरच्या चर्चेत हा प्रश्न आला तर मी उत्तर देते. ज्यांचे माणूस गेले ते विचारतात, तेव्हा मी देत नाही, मान खाली घालून ऐकते. त्यांनाही अपिलाची तारीख वर्तमानपत्रातून कळते, हे आपल्या व्यवस्थेचे दुसरे पाप आहे आणि त्यावर स्वतंत्र परिषद घ्यावी लागेल. पण गुन्हेगाराच्या आईने, बायकोने, पोरांनी गुन्हा केलेला नसतो. त्यांना मुलाखत नाकारून पीडितांच्या ताटात काही पडत नाही.

शेवटच्या भेटीचा विषय आपल्या राज्याला तरी नवा नको. खेडचे शिवराम हरी राजगुरू 23 मार्च 1931 रोजी लाहोरला भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह फासावर गेले. ठरलेल्या वेळेच्या आधीच फाशी दिली, आणि देह घरच्यांच्या हाती न देता रात्रीच सतलजच्या काठी चोरून जाळले. त्या कृत्याबद्दल आपण ब्रिटिशांना आजही क्षमा केलेली नाही. गुन्ह्यांची तुलना मी करत नाही, ती होऊच शकत नाही. मी सरकारच्या वागण्याची करते आहे. 9 फेब्रुवारी 2013 रोजी तिहारमध्ये अफजल गुरूला फाशी दिली. घरच्यांना कळवणारे स्पीड पोस्टचे पत्र सोपोरला पोचले ते फाशीनंतर. दफनही तुरुंगातच झाले. पुढच्या जानेवारीत शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने 15 बंद्यांची फाशी रद्द केली आणि नियम घालून दिले: दयेचा अर्ज फेटाळल्याचे कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान 14 दिवस, आणि घरच्यांशी शेवटची भेट तुरुंगाने घडवून आणायची. मग 30 जुलै 2015 रोजी याच नागपुरात याकूब मेमनला फाशी दिली, तेव्हा देह कुटुंबाच्या ताब्यात दिला गेला. मुंबईत मोठ्या गर्दीत दफन झाले आणि शांततेत झाले. सुरक्षेचे कारण पुढे करणाऱ्यांना हा दाखला द्यावा.

एक गोष्ट अलीकडची आहे. 2006 च्या मुंबई लोकलमधील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात पाच जणांना फाशी झाली होती. त्यांच्यातला एक 2021 मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडने वारला. त्याचे घर बिहारात. 21 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले, मेलेल्यालाही. सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयात आहे, तेव्हा निकालाच्या गुणदोषांवर मी बोलणार नाही. पण फाशीची शिक्षा झालेला माणूस फाशीविनाही मरतो, म्हणून शेवटची भेट कोणती हे आधी कुणालाच कळत नसते. आपल्या कारागृहांनी ‘गळाभेट’ सुरू केली, त्यात बंद्यांची लहान मुले आत येऊन बापाच्या गळ्यात पडतात. कोविडच्या काळात ई-मुलाखत आली. हे करणाऱ्या अधिकाऱ्यांचे मी मनापासून अभिनंदन करते. फाशी यार्डाच्या दारापाशी मात्र या योजनांचे पाऊल अडखळता कामा नये. मुलाला बापाच्या गळ्यात पडायला कलम विचारावे लागू नये.

समारोपाला ठराव होतील. दूरच्या जिल्ह्यातल्या कुटुंबाला प्रवासखर्च, फाशीच्या बंद्यांना ई-मुलाखत व फोन इतरांइतकाच, अर्ज फेटाळल्याची सूचना कुटुंबाला त्यांच्या भाषेत आणि हाती पोचल्याची सही घेऊन, असे तीन ठराव मी अध्यक्ष या नात्याने मांडणार आहे. सरकार मानेल तेव्हा मानेल. तोवर तुम्हाला माझी विनंती आहे. तुमच्या जिल्ह्यातला जो कोणी फाशी यार्डात असेल, त्याच्या घरी एकदा जाऊन या. शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद, कुणाकडे ठेवलेली पत्रे, जे मिळेल ते फाईलला लावा, आणि पुढच्या मुलाखतीच्या दिवशी त्याच्या आईला सोबत घेऊन नागपूरला या.