कातळाचा हिशेब



साहित्याच्या व्यासपीठावर साहित्याबद्दल बोलावे आणि पाण्याचा विषय जलसंपदा खात्यावर सोपवावा, अशी आपली रीत आहे. आज ती मी मोडणार आहे. पाणी अडवणारे खाते आणि पावसावर कविता करणारे साहित्य ही दोन्ही एकाच समजुतीवर उभी आहेत, असे माझे म्हणणे आहे. धरण, विहीर, पीक आणि पाऊस हे जणू निसर्गाचे सुटे भाग आहेत. जो कमी पडेल तो वाढवावा, बिघडेल तो बदलावा, अशी ती समजूत. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने प्राण्यांनाही यंत्र ठरवले. त्या विचाराच्या जोरावर माणसाने पुढे पुष्कळ मिळवले. कोयनेची वीज त्याच वंशातली आहे आणि तिचे श्रेय मला नाकारायचे नाही. पण महाराष्ट्राच्या पाण्यापुरते बोलायचे तर ही यंत्रदृष्टी आता विज्ञान राहिलेली नाही, अंधश्रद्धा झाली आहे. पुरावा दारात उभा असताना जी हलत नाही, त्या श्रद्धेला दुसरे काय म्हणायचे?

पुरावा सरकारी कागदांतलाच देतो. देशातल्या मोठ्या धरणांपैकी एक तृतीयांशाहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत. धरणांनी तहान भागायची असती, तर टँकर हा शब्द आपल्या खेड्यांनी विसरायला हवा होता. प्रत्यक्षात एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. लागोपाठ दोन पावसाळे वाईट गेले होते, हे खरे. पण लातूरचा सरासरी पाऊस 800 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारच्या जवळजवळ दुप्पट आहे. मग हिवरे बाजारचे नाव पाणी राखणारे गाव म्हणून आणि लातूरचे नाव पाण्याच्या गाडीसाठी का घेतले जाते? फरक आभाळात नाही. लातूर साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. हिवरे बाजारात शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे, उसाला आणि केळीला बंदी आहे, आणि पाऊस संपल्यावर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून मगच पिके ठरतात. तिथेही बांध घातले, चर खणले, झाडे लावली. ती कामे इतरत्रही झाली आहेत. पाण्याच्या मागणीला हात घालण्याचे धाडस मात्र फार थोड्या गावांनी केले.

थोडे जमिनीखाली उतरू या. राज्याचा सुमारे 82 टक्के भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. गाळाच्या प्रदेशात मातीच्या कणांमध्ये पाणी साठते. कातळात ते फटींत आणि झिजलेल्या मुरमाच्या थरात मावेल तेवढेच राहते, आणि ते थर सातबाऱ्याच्या सीमा जाणत नाहीत. एका हौदाला दहा तोट्या बसवल्या म्हणून पाणी दहापट होत नाही, पण आपण नेमके तेच करत आलो. प्रत्येक बोअर हे स्वतंत्र यंत्र मानले, त्याला कर्ज दिले, स्वस्त वीज दिली. शेजाऱ्याची विहीर आटली की त्याला आणखी खोल जायला सांगितले. तळापर्यंतची ही शर्यत अडाणी शेतकऱ्याच्या हावेतून निघाली, असे शहरातले शहाणे म्हणतात. ते खोटे आहे. प्रत्येक जण आपल्यापुरता शहाणपणानेच वागत होता. हिशेब सुट्या भागांचा होता आणि पाणी सुटे नव्हते, चूक तिथे झाली.

हीच चूक सरकारने मोठ्या प्रमाणावर केली. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला नाले खोल-रुंद करून बंधारे बांधण्याचे काम झाले. तिथे तापीखोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत. तो प्रयोग त्या भूगर्भाचा विचार करून केलेला होता. पुढे राज्य सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेत खोलीकरणाचे लोण सगळीकडे गेले. जिथे हातभर मुरमाखाली कातळ लागतो तिथेही पोकलेन पोचले. नमुना उचलला, खालची जमीन मागे राहिली. भूजलतज्ज्ञ आणि अर्थतज्ज्ञ त्याच वेळी याविरुद्ध ओरडत होते. 2020 मध्ये कॅगने ठपका ठेवला की 9,600 कोटींहून अधिक खर्चूनही गावांची पाण्याची गरज भागवण्यावर आणि भूजल वाढवण्यावर योजनेचा फारसा परिणाम झाला नाही. योजनेचे समर्थक हा ठपका मानत नाहीत. पण ज्या गावांत तिचा लाभ झाला, त्यांपैकी किती गावांत तो पुढच्या उसाने पिऊन टाकला, याचा हिशेब त्यांनीही मांडलेला नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याचाच आहे: उसाला ठरलेला भाव आणि हमखास गिऱ्हाईक आहे, ज्वारी-तुरीला कोण विचारतो? हे शंभर टक्के खरे आहे, आणि म्हणूनच ऊस लावणाऱ्याला पापी ठरवणारे पर्यावरणवादी मला ढोंगी वाटतात. पण हा आक्षेप माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. ऊस पाण्यामुळे वाढत नाही, भावाच्या रचनेमुळे वाढतो. राज्याच्या पीकक्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचे सुमारे 70 टक्के पाणी घेतो, असे कृषी मूल्य आयोगाने नोंदवले होते. बाजारभाव, वीजदर, कारखान्याचा परवाना आणि भूजल हे एकाच जाळ्याचे धागे आहेत. ते एकत्र पाहणे हीच परिसरदृष्टी. तिच्यात झाडांइतकेच अर्थशास्त्रही येते. ज्वारीला खरेदीची हमी देणे हे माझ्या मते धरणाइतकेच जलसंधारणाचे काम आहे.

दुसरा आक्षेप असा की ही परिसरदृष्टी म्हणजे पोट भरलेल्यांचे परदेशी फॅड आहे. ज्यांना तसे वाटते त्यांनी महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ पुन्हा वाचावा. 1883 मध्ये फुले सांगत होते की डोंगरांवरचा पालापाचोळा पावसाबरोबर शेतात येऊन जमीन कसदार करी आणि जंगल खात्याने ती साखळी तोडली. पाणी आधी शिवारात मुरावे, मग ओढ्याला मिळावे, असे ताली-बंधारे सरकारने बांधावेत, असेही ते सुचवत होते. जंगल, माती, पाणी, सरकारी खाते आणि शेतकऱ्याचे दारिद्र्य त्यांनी एका नजरेत पाहिले. ‘इकोसिस्टीम’ ही संज्ञा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टॅन्सलीने 1935 मध्ये वापरली, त्याच्या अर्धशतक आधीची ही गोष्ट. आणि पोट भरलेल्यांचे म्हणाल, तर 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंख्यांनी उभारलेली पाणी पंचायत पाहा. तिने जमिनीच्या नव्हे, तर माणसांच्या संख्येवर पाणी वाटले, भूमिहीनालाही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. पाणी सर्वांचे आहे हे एकदा मान्य केले की न्यायाचा प्रश्न टाळता येत नाही. यंत्रदृष्टी आपल्या पुढाऱ्यांना इतकी प्रिय का, याचे उत्तरही बहुधा यातच आहे. धरणाचे उद्घाटन करता येते. वाटपाचे उद्घाटन कोण करणार?

राहिलो आपण लेखक. आपल्यातले पुष्कळ जण नदीला आई म्हणून मोकळे होतात आणि त्यालाच पर्यावरणाचे भान समजतात. ही भक्ती यंत्रदृष्टीला अजिबात अडचणीची नाही. नदीची आरती आणि नदीत सोडलेले सांडपाणी एकाच घाटावर सुखाने नांदतात. दुसरीकडे आपल्या कथांमधला दुष्काळ बहुतेक वेळा अस्मानीच असतो. पाऊस रुसतो, माणसे गाव सोडतात, लेखक हळहळतो. त्या गावाखालच्या कातळात किती बोअर गेले, कारखान्याचा परवाना कोणी दिला, हे कथेत येत नाही. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ धरणग्रस्तांचे जगणे कागदपत्रांसकट मांडते, पण असे अपवाद बोटांवर मोजण्याइतके. 2006 मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनात मारुती चितमपल्ली या वनाधिकाऱ्याला आपण अध्यक्ष केले. त्यांच्या पक्ष्यांवर प्रेम केले, त्यांची निरीक्षणाची शिस्त मात्र उचलली नाही.

2019 मध्ये मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तांनी तिथल्या ऊस लागवडीवर आणि साखर कारखान्यांवर बंदी घालावी, अशी शिफारस शासनाला केली होती. ती मान्य करावी की नाही यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. ठिबकने काम भागेल, असे म्हणणाऱ्यांचेही ऐकून घेतले पाहिजे. पण तिच्यावर उघड, आकड्यांनिशी चर्चा व्हायलाच हवी. या संमेलनाच्या समारोपाच्या सत्रात दरवर्षीप्रमाणे भाषेच्या गौरवाचे ठराव होतील. त्यांत एक ठराव या चर्चेच्या मागणीचा घ्यावा, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या भूजलाचा ताळेबंद मराठीत, भिंतीवर लिहावा, अशी मागणी त्याला जोडावी. सूचक म्हणून माझे नाव घाला. अनुमोदनासाठी हात वर करणारे या मंडपात किती आहेत, ते मला पाहायचे आहे.