वॅटचे दोन पाठीराखे



वाफेच्या यंत्राचा इतिहास सांगताना जेम्स वॅटचे नाव प्रथम घेतले जाते आणि त्यामागोमाग त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याचे. परंतु बोल्टनच्याही आधी जॉन रोबक नावाच्या गृहस्थाने या यंत्रासाठी पैसा घातला होता, याचा सहसा विसर पडतो. अपरिचित माणसाच्या मोठ्या आकांक्षेमागे भांडवल उभे करणे म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे तर या दोघांचीही हकीकत पाहिली पाहिजे.

१७६५ मध्ये वॅट हा ग्लासगो विद्यापीठाची उपकरणे बनविणारा व दुरुस्त करणारा एक कारागीर होता. खाणींतील पाणी उपसण्यासाठी त्या काळी न्यूकोमेनचे यंत्र वापरीत. त्याचे सिलिंडर दर फेऱ्याला वाफेने तापे आणि गार पाण्याने निवविले जाई. त्यामुळे कोळसा अतोनात जळे. वाफ वेगळ्या पात्रात निवविली तर सिलिंडर सदैव तापलेलेच राहील, ही वॅटची कल्पना होय. कल्पना बिनतोड होती. पण प्रयोगांपायी तो कर्जबाजारी झाला होता.

रोबक हा मूळचा डॉक्टर. गंधकाम्ल तयार करण्याची शिशाच्या कोठ्यांची पद्धत त्याने रूढ केली आणि १७५९ मध्ये स्कॉटलंडमध्ये कॅरन येथे लोखंडाचा कारखाना काढण्यात पुढाकार घेतला. त्याने खंडाने घेतलेल्या कोळशाच्या खाणींत पाणी भरत होते व ते उपसण्यास जुने यंत्र अपुरे पडत होते. त्याने वॅटचे सुमारे १,००० पौंडांचे कर्ज अंगावर घेतले आणि मोबदल्यात शोधातील दोन-तृतीयांश वाटा मिळविला. १७६९ मध्ये पेटंट हाती आले. तथापि, किनील येथे उभारलेले यंत्र नीट चालेना; अचूक गोलाईचे सिलिंडर तेथे घडविता येईना. चरितार्थासाठी वॅट कालव्यांची मोजणी करू लागला. इकडे खाणींनी रोबकला बुडविले आणि १७७३ मध्ये त्याचे दिवाळे निघाले.

बोल्टन हा त्याच्या धनकोंपैकी एक. १७६९ मध्ये रोबकने त्याला केवळ तीन परगण्यांपुरते हक्क देऊ केले होते. यंत्र करावयाचे तर साऱ्या जगासाठी, असे सांगून त्याने ते नाकारले होते. आता इतर धनकोंच्या लेखी त्या पेटंटला कवडीची किंमत नसताना, आपल्या येण्यापोटी त्याने रोबकचा वाटा घेतला. बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे त्याचा मोठा कारखाना होता आणि हाताशी कुशल कारागीर होते. जॉन विल्किन्सनच्या १७७४ च्या छिद्रण-यंत्रामुळे सिलिंडरचा प्रश्न सुटला. १७७५ मध्ये पार्लमेंटने पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढविली आणि १७७६ मध्ये पहिली यंत्रे कामाला लागली. जुन्या यंत्राच्या तुलनेत जेवढे इंधन वाचेल, त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश भाग ग्राहकाने द्यावा, असा करार असे. एवढे होऊनही नफा दिसेपर्यंत बोल्टनला वर्षानुवर्षे कर्जे काढावी लागली.

दोघांनीही माणूस अचूक ओळखला होता. फरक एवढाच की, रोबकला आपल्या खाणी वाचविण्यासाठी ते यंत्र तातडीने हवे होते, तर बोल्टनपाशी कारागीर होते, पत होती आणि थांबण्याची तयारी होती. नव्या उद्योजकाला पैशाइतकीच या तिहींची गरज असते. मात्र यशाचा हिशेब मांडताना रोबकचे खाते कोरे ठेवणे न्याय्य ठरणार नाही. वॅटचे कर्ज त्याने फेडले नसते, तर १७७३ मध्ये बोल्टनने हाती घ्यावे असे काही उरले असते काय, हा प्रश्न उरतोच.